पृथ्वी तापतेय, पण सगळीकडे सारखी नाही

पृथ्वीचं तापमान दीड अंशाने वाढलं अशी बातमी वाचली की बहुतेकांच्या मनात एकच प्रश्न येतो: दीड अंशाने असं काय बिघडणार आहे? पहाट आणि दुपार यांच्यातच दहा-बारा अंशांचा फरक असतो आणि तो आपण रोज सोसतो. शंका रास्त आहे. घोळ होतो तो एका ठिकाणचं तापमान आणि साऱ्या पृथ्वीची सरासरी एकाच मापाने मोजल्यामुळे. इथे रात्र असते तेव्हा पलीकडच्या बाजूला दुपार असते, उत्तरेला थंडी असते तेव्हा दक्षिणेला उन्हाळा असतो. हे सगळे चढउतार एकमेकांना खोडून काढतात आणि सरासरीचा आकडा सहसा जागचा हलत नाही. तो हलवायला फार मोठी उलथापालथ लागते. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी शेवटचं हिमयुग ऐन भरात होतं, तेव्हा ही सरासरी औद्योगिक काळाच्या आधीपेक्षा फक्त ५ ते ७ अंशांनी कमी होती. तेवढ्या फरकात कॅनडा आणि उत्तर युरोपवर किलोमीटरभराहून जाड बर्फ बसला होता आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती.

आता आजचे आकडे. २०११ ते २०२० या दशकाचं जागतिक सरासरी तापमान १८५०–१९०० या काळाच्या तुलनेत १.१ अंश सेल्सिअसने जास्त होतं. २०२४ हे एकटं वर्ष घेतलं तर जागतिक हवामान संघटनेच्या हिशेबाने वाढ सुमारे १.५५ अंशांची. हिमयुग संपताना जो बदल व्हायला हजारो वर्षं लागली, त्याच्या पाव भागाएवढा बदल आपण दीडशे वर्षांत घडवला आहे.

पण या सरासरी तापमानात राहतो कोण? कुणीच नाही. खेकडा राहतो बेरिंग समुद्राच्या तळाशी, कासव अंडी घालतं एका ठरावीक किनाऱ्यावर, हिमनदी असते एका ठरावीक उंचीवर. वाढीव उष्णता साऱ्या पृथ्वीची मिळून एकच, पण प्रत्येक जागा ती आपापल्या पद्धतीने अंगावर घेते. आणि बऱ्याचदा किती अंश वाढले यापेक्षा कोणती रेषा ओलांडली याला महत्त्व येतं. उणे दहाचं उणे आठ झालं तर बर्फाला फारसा फरक पडत नाही. उणे एकचं अधिक एक झालं की तिथे पाणी होतं.

मूळ कारण थोडक्यात सांगतो, कारण ते बहुतेकांना माहीत आहे. सूर्यप्रकाशाने तापलेली जमीन आणि समुद्र ती उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात परत अवकाशाकडे सोडतात. कार्बन डायऑक्साइड, मिथेन, पाण्याची वाफ हे वायू त्यातला काही भाग शोषतात आणि पुन्हा सगळ्या दिशांना, म्हणजे खालीही, सोडतात. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० रेणू होते. १९५८ साली हवाईतल्या मौना लोआ इथे नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा ते सुमारे ३१५ होते. आता ४२० च्या वर आहेत. ‘हे सूर्यामुळेच होत नसेल कशावरून?’ असं विचारणाऱ्यांना एक पुरावा सांगण्यासारखा आहे. सूर्य जास्त तापला असता तर वातावरण वरपासून खालपर्यंत तापलं असतं. प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि त्याच्या वरचं स्थितांबर थंड होतंय. स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांच्या १९६७ च्या गणितातून नेमकं हेच निघालं होतं. मानाबेंना पुढे २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

जमीन पुढे, समुद्र मागे

२०११–२०२० या दशकातली वाढ जमीन आणि समुद्र अशी वेगळी काढली तर जमिनीवर ती सुमारे १.६ अंश भरते आणि समुद्राच्या पृष्ठभागावर ०.९ च्या आसपास. म्हणजे जमीन जवळपास पावणेदोन पट वेगाने तापते आहे. समुद्राकडे उष्णता जिरवायचे दोन मार्ग आहेत. पाण्याची वाफ होताना ती बरीच उष्णता घेऊन जाते, आणि लाटा-प्रवाह पृष्ठभागावरची ऊब खाली ढवळून नेतात. जमिनीत उष्णता खोल उतरत नाही. बाष्पीभवन व्हायचं तर मातीत ओल हवी. ओल संपली की येणारी सगळी उष्णता तापमान वाढवण्याच्याच कामी लागते. कोरडा दुष्काळ आणि उष्णतेची लाट हातात हात घालून येतात, त्यामागचं कारण हेच.

सगळ्यात वेगाने तापणारा भाग मात्र ज्याला आपण सगळ्यात थंड समजतो तो आहे. १९७९ पासूनच्या नोंदी पाहिल्या तर आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापला आहे. स्वीडिश शास्त्रज्ञ स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये कागद-पेन्सिलीने गणित मांडलं, त्यातही ध्रुवाकडे वाढ जास्त होईल असं आलं होतं.

असं का होतं, हे जरा सविस्तर पाहण्यासारखं आहे. ताजा बर्फ पडलेला गोठलेला समुद्र त्याच्यावर पडणाऱ्या उन्हातलं ८० टक्क्यांहून जास्त ऊन परत फेकतो. तोच बर्फ वितळला की खाली उघडं पडतं ते काळंभोर पाणी. ते जेमतेम ६ टक्के परत फेकतं, बाकी सगळं पोटात घेतं. त्या उष्णतेने आणखी बर्फ वितळतो, आणखी काळं पाणी उघडं पडतं. गंमत अशी की आर्क्टिकमधली ही वाढ उन्हाळ्यात फारशी दिसत नाही. उन्हाळ्यात आलेली उष्णता बर्फ वितळवण्यात आणि समुद्र तापवण्यात खर्च होते, त्यामुळे हवा शून्याच्या आसपासच अडकून राहते. सूर्य मावळल्यावर, शरदात आणि हिवाळ्यात, समुद्र ती साठवलेली ऊब हवेला परत देतो. तापमानवाढ सगळ्यात जास्त जाणवते ती ध्रुवीय रात्रीत, जेव्हा सूर्य उगवतच नाही. दुसरं कारण हवेच्या रचनेत आहे. विषुववृत्ताजवळ तापलेली हवा उंच चढते आणि उष्णता वरच्या थरांत पोचवते, तिथून ती अवकाशात निसटते. आर्क्टिकमध्ये थंड, जड हवा जमिनीलगत बसून राहते, वरच्या थरात मिसळत नाही. वाढीव उष्णता खालीच कोंडते.

याच्या अगदी उलट चित्र ग्रीनलँडच्या दक्षिणेला उत्तर अटलांटिकमध्ये दिसतं. सारं जग तापत असताना समुद्राचा हा एक तुकडा गेल्या शतकभरात थोडा थंडच झाला आहे. दक्षिणेकडून उबदार पाणी आणणारा अटलांटिकचा मोठा प्रवाह मंदावत असावा, आणि ग्रीनलँडहून वितळून येणारं गोडं पाणी हे त्याचं एक कारण असावं, असा बऱ्याच संशोधकांचा अंदाज आहे. प्रवाह नेमका किती मंदावला यावर अजून वाद चालू आहे. पण तापमानवाढीच्या नकाशावर निळा डाग दिसला म्हणून तापमानवाढ खोटी ठरत नाही, एवढं या तुकड्यावरून कळतं.

दक्षिण आशियाचंही असंच काहीसं आहे. भारताचं सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशाने वाढलं, जगातल्या एकूण जमिनीच्या मानाने बरंच कमी. एक कारण हवेतले धूर-धुळीचे कण, जे ऊन वरच्या वर परतवतात. दुसरं कारण सिंचन: ओल्या शेतांतून होणारं बाष्पीभवन हवा थंड ठेवतं. हे वाचून हायसं वाटायचं काही कारण नाही. धुराचे कण काही दिवसांत किंवा आठवड्यांत पावसाबरोबर खाली येतात, कार्बन डायऑक्साइडचा बराच भाग शतकानुशतकं हवेत राहतो. हवा स्वच्छ केली, जी करायलाच हवी, की झाकलेली वाढ बाहेर येते. आणि सिंचनाने पारा खाली येतो खरा, पण दमटपणा वाढतो.

दमटपणाचा मुद्दा शरीराच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. तापमान एका अंशाने वाढलं की हवेची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. पाऊस पडतो तेव्हा तो जास्त जोराने कोसळतो त्याचं कारण हे, आणि उकाडा जीवघेणा होतो त्याचंही कारण हेच. माणसाचं शरीर घाम वाळवून थंड होतं. हवा आधीच बाष्पाने भरलेली असेल तर घाम वाळत नाही. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाचा पारा ३५ अंशांवर गेला तर सावलीत बसलेला धडधाकट माणूसही काही तासांपलीकडे टिकत नाही, असं गणित सांगतं. तरुण, निरोगी माणसांवर केलेल्या प्रयोगांत शरीराची मर्यादा त्याच्याही काही अंश खालीच आढळली.

शिवाय सरासरी थोडी सरकली की टोकाच्या घटना खूप सरकतात. २९ जून २०२१ रोजी कॅनडातल्या लिटन या गावात ४९.६ अंश तापमान नोंदलं गेलं. हे गाव ५० अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्याआधीचा साऱ्या कॅनडाचा उच्चांक ४५ अंशांचा होता, १९३७ सालचा. तापमानाचे उच्चांक एरवी दशांशांनी मोडतात, इथे तो साडेचार अंशांनी मोडला. दुसऱ्याच दिवशी वणव्यात जवळजवळ सगळं गाव जळून गेलं.

समुद्र: तापतो, फुगतो, आणि भलतीकडेच चढतो

हवेच्या तापमानाची चर्चा आपण इतकी करतो, पण वाढीव उष्णतेपैकी हवेत राहते जेमतेम १ टक्का. ९० टक्क्यांहून जास्त समुद्रात जाते. पाण्याची उष्णता धरण्याची ताकदच तशी आहे: समुद्राच्या वरच्या सुमारे तीन मीटर थरात साऱ्या वातावरणाएवढी उष्णता मावते. माझ्या मते तापमानवाढीचा खरा मापक समुद्रातली ही साठवण आहे. हवेचं तापमान एल निनोसारख्या कारणांनी एखाद्या वर्षी वर जातं, एखाद्या वर्षी खाली येतं. समुद्रातली उष्णता मात्र जवळजवळ दरवर्षी वाढतच जाते.

तापलेलं पाणी प्रसरण पावतं. १९७१ ते २०१८ या काळात समुद्राची पातळी जेवढी वाढली, त्यातली जवळपास निम्मी वाढ फक्त या फुगण्यामुळे झाली. बाकीची हिमनद्या आणि हिमचादरी वितळून. १९०१ ते २०१८ मध्ये जागतिक पातळी सुमारे २० सेंटिमीटर वाढली. वेग बघा: १९७१ पर्यंत वर्षाला सुमारे १.३ मिलिमीटर, आणि २००६ ते २०१८ मध्ये ३.७ मिलिमीटर.

पण समुद्र सगळीकडे सारखा चढत नाही. हे पहिल्यांदा वाचलं की पटत नाही, कारण पाणी आपली पातळी आपोआप सारखी करतं असं आपण शाळेत शिकलेलो असतो. ग्रीनलँडवरचा बर्फ इतका प्रचंड आहे की त्याचं स्वतःचं गुरुत्वाकर्षण भोवतालचा समुद्र आपल्याकडे ओढून धरतं. बर्फ वितळून समुद्रात गेला की ती ओढ कमी होते. पाणी ग्रीनलँडपासून दूर सरकतं. शिवाय ओझं कमी झाल्यामुळे खालची जमीनही वर उचलली जाते. परिणाम असा, की ग्रीनलँड वितळल्यावर खुद्द ग्रीनलँडच्या किनाऱ्यावर समुद्र खाली जातो आणि सरासरीपेक्षा जास्त चढतो तो दूर, दक्षिण गोलार्धात. पश्चिम अंटार्क्टिका वितळली तर जास्तीचं पाणी जाईल उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यांकडे.

त्यात जमिनीची स्वतःची हालचाल मिसळते. स्वीडन आणि फिनलंड यांच्यामधल्या बोथनियाच्या आखातात जमीन अजूनही वर येते आहे, वर्षाला एक सेंटिमीटरच्या जवळपास, कारण हिमयुगातलं बर्फाचं ओझं उतरल्यावर ती अजून पूर्ववत झालेली नाही. तिथल्या क्वार्केन द्वीपसमूहात समुद्रातून दरवर्षी सुमारे एक चौरस किलोमीटर नवी जमीन डोकं वर काढते. याच्या दुसऱ्या टोकाला जकार्ता आहे. तिथे भूजलाच्या बेसुमार उपशामुळे जमीनच खचते आहे, आणि काही भागांत तो वेग समुद्राच्या चढण्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. एखाद्या बंदरातली पातळी दाखवून ‘बघा, समुद्र वाढतच नाही’ किंवा ‘बघा, जग बुडालं’ असं म्हणणारे दोघेही एकाच प्रकारे चुकतात.

समुद्राच्या रसायनाबद्दल फार कमी बोललं जातं. आपण हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे पाव भाग समुद्र शोषतो. पाण्यात विरघळून त्याचं कार्बोनिक आम्ल होतं. समुद्राचा सामू (पीएच, जो जितका कमी तितकी आम्लता जास्त) सुमारे ८.२ वरून ८.१ वर आला आहे. आकडा क्षुल्लक वाटतो, पण हे माप गुणाकाराने चढतं-उतरतं. प्रत्यक्षात आम्लता सुमारे ३० टक्क्यांनी वाढली. शिंपले, कालवं, प्रवाळ यांना कवच बांधायला जे कार्बोनेट लागतं ते त्यामुळे कमी पडतं. अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या कालवांच्या उबवणी केंद्रांत २००७-०८ च्या सुमाराला पिल्लं मोठ्या प्रमाणावर मरू लागली, तेव्हा कारण शोधता शोधता खोलातून वर येणाऱ्या आम्लधर्मी पाण्यापर्यंत माग गेला. त्यातच कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि वरचा कोमट थर हलका असल्यामुळे खालच्या थंड पाण्याशी नीट मिसळत नाही. वरचा प्राणवायू खाली पोचत नाही, खालची पोषकद्रव्यं वर येत नाहीत.

बर्फाच्या तीन तऱ्हा

‘बर्फ वितळतोय’ या दोन शब्दांत तीन वेगवेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात.

पहिला समुद्रावर तरंगणारा बर्फ, म्हणजे गोठलेलं समुद्राचं पाणी. हा वितळल्याने समुद्राची पातळी जवळजवळ वाढत नाही. पेल्यातला बर्फ वितळला तरी पाणी पेल्याबाहेर सांडत नाही, तसंच. आर्क्टिकमध्ये सप्टेंबरात उरणारा हा बर्फ १९७९ पासून दर दशकाला १२ टक्क्यांच्या आसपास घटतो आहे. सगळ्यात कमी नोंद २०१२ ची: सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटर. अंटार्क्टिकाभोवतीच्या बर्फाने मात्र शास्त्रज्ञांना बरीच वर्षं चकवलं. २०१४ पर्यंत तो थोडा थोडा वाढतच होता. मग तो एकदम कोसळला, आणि २०२३ च्या हिवाळ्यात त्याआधीच्या नीचांकापेक्षाही सुमारे १० लाख चौरस किलोमीटरने कमी भरला. सम्राट पेंग्विन याच बर्फावर पिल्लं वाढवतात. २०२२ च्या शेवटी बेलिंग्सहाउझेन समुद्रात बर्फ लवकर फुटला, तेव्हा पिल्लांना पाण्यात तगवणारी पिसं अजून आलेली नव्हती. तिथल्या पाच वसाहतींपैकी चार वसाहतींत त्या वर्षी पिल्लं वाचली नाहीत.

दुसरा बर्फ डोंगरातल्या हिमनद्यांचा. २००० सालापासून जगातल्या हिमनद्यांनी आपला सुमारे ५ टक्के बर्फ गमावला आहे, पण मध्य युरोपातल्या हिमनद्यांनी ३९ टक्के. स्वित्झर्लंडमध्ये २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत १० टक्के बर्फ गेला. हिमनदी आटू लागली की खालच्या नदीला सुरुवातीला पाणी वाढतं. काही वर्षं, काही दशकं सगळं बरं चालल्यासारखं दिसतं. मग एक कळस येतो आणि त्यानंतर उन्हाळी प्रवाह घटत जातो. आल्प्स आणि अँडीजमधल्या कित्येक नद्या तो कळस ओलांडून गेल्या आहेत. ज्या खोऱ्यांत मोठ्या हिमनद्या आहेत तिथे तो अजून यायचा आहे, त्यामुळे तिथलं आजचं भरपूर पाणी फसवं आहे.

तिसरा बर्फ हिमचादरींचा, ग्रीनलँड आणि अंटार्क्टिकाचा, आणि खरी काळजी याची. ग्रीनलँडवरचा सगळा बर्फ वितळला तर समुद्र ७.४ मीटरने चढेल. अंटार्क्टिकावरचा वितळला तर सुमारे ५८ मीटरने. सगळा वितळायला अर्थातच फार मोठा काळ लागेल. ग्रीनलँडवर १४ ऑगस्ट २०२१ रोजी हिमचादरीच्या माथ्यावर, ३,२०० मीटर उंचीवर, पाऊस पडला. तिथे बर्फ नव्हे, पाऊस पडल्याची ती पहिलीच नोंद.

अंटार्क्टिकाचं कोडं वेगळं आहे. तिथली हवा अजून इतकी थंड आहे की वरून फारसं वितळत नाही. हल्ला खालून होतो. पश्चिम अंटार्क्टिकातली थ्वेट्स हिमनदी १२० किलोमीटर रुंद आहे आणि ज्या खडकावर ती टेकली आहे तो समुद्रसपाटीच्या खाली आहे. शिवाय किनाऱ्याकडून आत जावं तसा तो खडक आणखी खोल होत जातो. खोल समुद्रातलं तुलनेने उबदार पाणी हिमनदीच्या बुडाशी शिरतं आणि ती जिथे टेकलेली आहे ती रेषा मागे ढकलतं. रेषा जितकी मागे, तितका बर्फाचा कडा उंच आणि समुद्राला खायला मिळणारं तोंड मोठं. एकट्या थ्वेट्समध्ये समुद्राची पातळी सुमारे ६५ सेंटिमीटर वाढवण्याएवढा बर्फ आहे.

हिमनद्यांची समुद्रावर तरंगणारी जाड टोकं, म्हणजे हिमफलक, वितळल्याने पातळी जवळजवळ वाढत नाही, पण ते मागच्या हिमनद्यांना अडसर घालून उभे असतात. २००२ मध्ये अंटार्क्टिक द्वीपकल्पावरचा लार्सन बी हा फलक महिनाभरात फुटून गेला, सुमारे ३,२५० चौरस किलोमीटरचा. अडसर निघाल्यावर त्याच्यामागच्या हिमनद्यांचा वेग कित्येक पटींनी वाढला.

जमिनीत गोठलेल्या बर्फाचाही उल्लेख करायला हवा. सायबेरिया, अलास्का, कॅनडा इथली कायम गोठलेली माती आपल्या पोटात सुमारे १,४०० ते १,६०० अब्ज टन कार्बन बाळगून आहे, आज हवेत असलेल्या कार्बनच्या जवळपास दुप्पट. माती वितळली की सूक्ष्मजीव कामाला लागतात आणि तो कार्बन हळूहळू हवेत येतो. एका रात्रीत स्फोट व्हावा तसा तो येणार नाही. पण एकदा सुरू झालेली ही गळती कुठल्याही करारावर सही करून थांबवता येत नाही.

दहा अब्ज खेकडे

आता सजीवांकडे. इथे एकच उदाहरण नीट पाहू.

अलास्काच्या पश्चिमेला बेरिंग समुद्र आहे. हिवाळ्यात तो गोठतो. समुद्राचं पाणी गोठताना मीठ बाहेर टाकतं, ते खारट, थंड, जड पाणी तळाशी जाऊन बसतं आणि पुढचा अख्खा उन्हाळा तिथेच राहतो. तळाशी २ अंशांहून थंड पाण्याचा एक विस्तीर्ण डोह तयार होतो. हिमखेकड्याची पिल्लं या डोहात वाढतात, कारण त्यांना खाणारा पॅसिफिक कॉड मासा एवढ्या थंडीत शिरत नाही. २०१८ आणि २०१९ च्या हिवाळ्यात बर्फ फारच कमी झाला. डोह जवळजवळ नाहीसा झाला. त्या सुमाराला खेकड्यांची संख्या नेमकी विक्रमी होती.

ते उकाड्याने मेले असा समज होईल, पण तसं नाही. तळाचं पाणी काही त्यांना मारण्याइतकं गरम नव्हतं. खेकड्याचं रक्त आपल्यासारखं गरम नसतं. पाणी जितकं उबदार, तितकं त्याचं शरीर जास्त वेगाने चालतं आणि तितकं जास्त अन्न मागतं. प्रयोगशाळेत पाणी ० वरून ३ अंशांवर नेलं तर खेकड्याची भूक जवळपास दुप्पट होते. एकीकडे संख्या विक्रमी, दुसरीकडे प्रत्येकाची भूक वाढलेली, आणि थंड जागा आक्रसल्यामुळे सगळे एकाच ठिकाणी दाटलेले. २०१७ च्या तुलनेत २०१८ मध्ये साऱ्या खेकड्यांची मिळून अन्नाची गरज चौपट झाली, असा हिशेब २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मांडला आहे. ते उपासमारीने मेले. १० अब्जांहून जास्त खेकडे नाहीसे झाले आणि २०२२ मध्ये अलास्काला ही मासेमारी इतिहासात पहिल्यांदाच बंद ठेवावी लागली. कॉड मासा मात्र त्याच काळात खुशाल उत्तरेकडे सरकला. निसर्गात कुणाचं तरी फावतंच.

समुद्रातल्या कित्येक जाती अशा ध्रुवांकडे सरकत आहेत, जमिनीवरच्या डोंगर चढत आहेत. सगळ्यांना ते जमत नाही. ऑस्ट्रेलिया आणि पापुआ न्यू गिनी यांच्यामधल्या ब्रॅम्बल के या चिमुकल्या बेटावर एक उंदरासारखा प्राणी राहायचा, ब्रॅम्बल के मेलोमिस. बेटाची उंची तीन मीटरच्या आसपास. भरतीच्या लाटा वारंवार आत घुसून झाडोरा मरत गेला. २००९ नंतर हा प्राणी कुणाला दिसला नाही आणि २०१९ मध्ये ऑस्ट्रेलिया सरकारने तो नामशेष झाल्याचं जाहीर केलं. त्याला सरकायला जागाच नव्हती.

काहींची जागा तीच राहते, वेळ चुकते. युरोपातला एक काळा-पांढरा माशीमार पक्षी हिवाळा पश्चिम आफ्रिकेत काढतो आणि वसंतात नेदरलँड्समध्ये येऊन अंडी घालतो. पिल्लांना भरवायला सुरवंट लागतात, आणि सुरवंट ओकच्या कोवळ्या पानांवर येतात. नेदरलँड्समधला वसंत लवकर येऊ लागला, पानं लवकर, सुरवंट लवकर. आफ्रिकेत बसलेल्या पक्ष्याला हे कळणार कसं? त्याच्या निघण्याची वेळ मुख्यतः दिवसाच्या लांबीवर ठरते, आणि दिवसाची लांबी बदललेली नाही. तो पोचतो तोवर सुरवंटांचा हंगाम ओसरलेला असतो. जिथे सुरवंट सगळ्यात लवकर येऊ लागले, त्या जंगलांत या पक्ष्याची संख्या दोन दशकांत सुमारे ९० टक्क्यांनी घटली.

हिरव्या समुद्री कासवांचं आणखी वेगळं. अंड्यातून नर निघणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरतं. साधारण २९ अंशांना दोन्ही सारखे, त्याहून गरम वाळूत माद्या जास्त. ऑस्ट्रेलियाजवळच्या ग्रेट बॅरिअर रीफ या प्रवाळांच्या लांबलचक पट्ट्याच्या उत्तर भागातल्या किनाऱ्यांवर जन्मलेल्या लहान कासवांत २०१८ च्या एका अभ्यासात ९९ टक्के माद्या आढळल्या. ही कासवं दोन-तीन दशकांनी प्रजननाला येतील, तेव्हा नर कुठून आणायचे हा प्रश्न उभा राहील.

याच रीफमधल्या प्रवाळांना तर एका अंशाचाच अवकाश असतो. प्रवाळ आपल्या पेशींत सूक्ष्म शैवाल बाळगतो आणि त्यांनी उन्हात बनवलेल्या अन्नावर जगतो. त्या ठिकाणच्या नेहमीच्या ऐन उन्हाळ्यापेक्षा पाणी एका अंशाने जास्त तापलं आणि महिनाभर तसंच राहिलं, की शैवाल विषारी द्रव्यं सोडू लागतात आणि प्रवाळ त्यांना बाहेर काढतो. रंग जातो, पांढरा सांगाडा दिसू लागतो. पाणी लवकर निवलं तर तो सावरतो. ग्रेट बॅरिअर रीफवर असं मोठ्या प्रमाणावर १९९८ आणि २००२ मध्ये घडलं. मग २०१६, २०१७, २०२०, २०२२, २०२४. रीफ नीट भरून यायला दहा-पंधरा वर्षं लागतात.

म्हणूनच दीड आणि दोन अंश यांच्यातला फरक वाटतो तेवढा लहान नाही. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी मंडळाच्या २०१८ च्या अहवालानुसार तापमानवाढ दीड अंशावर रोखली तर उष्ण कटिबंधातले ७० ते ९० टक्के प्रवाळ जातील, दोन अंशांवर ९९ टक्क्यांहून जास्त.

आणि रोखली म्हणजे नेमकं काय थांबतं, हेही सगळीकडे सारखं नाही. जगाचं कार्बन डायऑक्साइडचं निव्वळ उत्सर्जन उद्या शून्यावर आलं तर हवेचं सरासरी तापमान काही वर्षांतच साधारण आहे तिथे थबकेल; ते खाली येणार नाही, पण फारसं चढणारही नाही. डोंगरातल्या हिमनद्या मात्र झालेल्या वाढीशी जुळवून घेत आणखी कित्येक दशकं आक्रसत राहतील. खोल समुद्रापर्यंत उष्णता पोचायला शतकं लागतात, म्हणून पाणी फुगतच राहील. हिमचादरींचा वेग त्याहून संथ. तापमानवाढ दीड अंशावर थांबली तरी पुढच्या २,००० वर्षांत समुद्र २ ते ३ मीटर चढेल असा याच मंडळाचा अंदाज आहे, आणि दोन अंशांवर थांबली तर २ ते ६ मीटर.